पिंप क्रमांक ६८६६०: कंत्राटांच्या साखळीत विरलेली शंका

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी रात्री अकरा वाजून गेल्यावर अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबाड शहराजवळच्या एका भूमिगत केंद्रात हवेतील किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने धोक्याची सूचना दिली. ‘वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट’ असे लांबलचक नाव असलेले आणि ‘विप’ या संक्षेपाने ओळखले जाणारे हे केंद्र जमिनीखाली सुमारे ६५५ मीटर खोलवर, मिठाच्या प्राचीन थरात खोदलेले आहे. अण्वस्त्रनिर्मितीतून उरलेला, प्लुटोनियमसारख्या मूलद्रव्यांनी दूषित झालेला कचरा तेथे कायमचा पुरला जातो. मार्च १९९९ मध्ये सुरू झाल्यापासून पंधरा वर्षे या केंद्रातून किरणोत्सार बाहेर पडल्याची घटना घडली नव्हती. त्या रात्री खाली कोणी काम करीत नव्हते आणि धोक्याची सूचना मिळताच हवा गाळण्या असलेल्या मार्गाकडे आपोआप वळली. तरीही झडपांच्या फटींतून थोडी दूषित हवा न गाळताच बाहेर पडली आणि जमिनीवर काम करणाऱ्या वीसहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्याचे अत्यल्प अंश आढळले. जीवितहानी झाली नाही, पण केंद्र जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले.

मे महिन्यात कॅमेरे आत पोहोचले, तेव्हा सातव्या विभागातील सातव्या दालनात एका पिंपाचे झाकण उचकटलेले आणि भोवतालचा भाग होरपळलेला दिसला. ते पिंप, क्रमांक ६८६६०, न्यू मेक्सिकोतच उत्तरेला असलेल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत डिसेंबर २०१३ मध्ये भरले गेले होते. त्यातील नायट्रेट क्षारांमध्ये ओल शोषून घेण्यासाठी गव्हापासून बनवलेले ‘किटी लिटर’, म्हणजे पाळीव मांजरांच्या मलमूत्रासाठी घरोघरी वापरले जाणारे शोषक, मिसळले होते. नायट्रेट हे ऑक्सिडीकारक, म्हणजे ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारे, आणि गहू हे इंधन. दोन्ही एकत्र आल्यावर आतली उष्णता हळूहळू वाढत गेली आणि सुमारे सत्तर दिवसांनी पिंप फुटले. वृत्तपत्रांनी तेव्हा या प्रकरणाची बातमी बरीचशी गमतीच्या सुरात दिली, आणि मांजराच्या मातीमुळे अणुकचऱ्याचे केंद्र बंद पडले असे आजही सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्या सांगण्यात खरा विषय निसटतो. ही भेसळ चुकीची असल्याची शंका काम करणाऱ्या माणसांच्या मनात आली होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. ती शंका कोठे गेली, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

कोण कोणासाठी काम करीत होते

अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळांची जमीन, इमारती, यंत्रे आणि तेथील धोकादायक साहित्य हे सर्व सरकारच्या मालकीचे असते, पण त्या चालवतो कंत्राटदार. तो सरकारी पैशातून पगार देतो, सरकारी पैशातून साहित्य विकत घेतो आणि या सर्व खर्चावर त्याला वेगळा मोबदला मिळतो. लॉस अलामॉसची प्रयोगशाळा १९४३ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवीत होते आणि त्याला मिळणारा मोबदला प्रयोगशाळेच्या खर्चाच्या मानाने नाममात्र असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरक्षाविषयक वाद एकामागून एक उभे राहिले. २००४ मध्ये तर गोपनीय माहितीच्या चकत्या हरवल्याच्या संशयावरून प्रयोगशाळेचे काम थांबवण्यात आले, आणि हरवलेल्या म्हणून शोधल्या जात असलेल्या चकत्या मुळात तयारच झाल्या नव्हत्या असे पुढे निष्पन्न झाले. विद्यापीठीय ढिलाईवर उद्योगजगताची शिस्त हा उपाय आहे, असे मत त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये दृढ झाले. परिणामी जून २००६ पासून ‘लॉस अलामॉस नॅशनल सिक्युरिटी’ या मर्यादित दायित्वाच्या कंपनीकडे प्रयोगशाळा सोपवण्यात आली. बेक्टेल, बॅबकॉक अँड विल्कॉक्सची शाखा, यूआरएस आणि खुद्द कॅलिफोर्निया विद्यापीठ हे तिचे भागीदार होते. मोबदला कितीतरी पटींनी वाढला आणि त्याचा मोठा भाग वर्षभराच्या कामगिरीच्या मूल्यमापनावर अवलंबून ठेवण्यात आला. मूल्यमापन चांगले झाले तर कंत्राटाची मुदतही वाढत असे.

ही रचना येथेच संपत नव्हती. कचऱ्याची पिंपे नव्याने भरण्याचे प्रत्यक्ष काम ‘एनर्जीसोल्यूशन्स’ या उपकंत्राटदाराचे कर्मचारी करीत होते. भरलेले पिंप विपमध्ये पाठवण्यास योग्य आहे हे प्रमाणित करणारा चमू लॉस अलामॉसमध्येच बसत असे, पण तो होता विप चालवणाऱ्या ‘न्यूक्लियर वेस्ट पार्टनरशिप’ या दुसऱ्या कंत्राटदाराचा. पिंपात नेमके काय आहे याविषयी हा चमू मुख्यतः प्रयोगशाळेनेच पुरवलेल्या कागदपत्रांवर विसंबत होता. शिवाय या दुसऱ्या भागीदारीतही यूआरएस आणि बॅबकॉक अँड विल्कॉक्स होतेच, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्यात दोन कंपन्या सामाईक होत्या. त्यातून संगनमत झाले असे कोणत्याही चौकशीत पुढे आलेले नाही आणि तसे सुचवण्याचा येथे हेतूही नाही. तथापि घेणाऱ्याने पाठवणाऱ्याचा माल त्रयस्थ नजरेने पारखावा ही अपेक्षा या मांडणीत किती टिकणार होती, हा प्रश्न उरतो. सरकारच्या बाजूलाही दोन कचेऱ्या होत्या. प्रयोगशाळेवर देखरेख ठेवणारी कचेरी लॉस अलामॉसला आणि विपवर देखरेख ठेवणारी कार्ल्सबाडला होती. दोन्ही केंद्र सरकारच्या ऊर्जा विभागाच्याच, पण दोघींची वरची वाट वेगळी.

तारीख

जून २०११ मध्ये लास कॉंचास येथे लागलेला वणवा लॉस अलामॉसच्या दिशेने पसरला. प्रयोगशाळेच्या आवारात कापडी मांडवांखाली जमिनीवरच रचून ठेवलेली हजारो पिंपे तेव्हा सर्वांच्या नजरेत आली. वणवा तेथपर्यंत पोहोचला नाही, पण न्यू मेक्सिकोचे राज्य सरकार आणि जनता हादरली. जानेवारी २०१२ मध्ये राज्य आणि ऊर्जा विभाग यांच्यात समझोता झाला, त्यानुसार ३,७०६ घनमीटर कचरा ३० जून २०१४ पूर्वी तेथून हलवायचा होता. मोहिमेलाही ‘३७०६’ हेच नाव पडले. मागणी रास्त होती, भीती खरी होती आणि ठरलेली तारीख सर्वांना ठाऊक होती. राजकारणी, अधिकारी, कंत्राटदार आणि वृत्तपत्रे या सगळ्यांना एकाच आकड्यात प्रगती मोजता येत होती. किती घनमीटर गेले आणि किती राहिले याचा हिशेब वेळोवेळी मांडला जाई, तो अभिमानाने प्रसिद्धही केला जाई आणि कंत्राटदाराच्या मूल्यमापनात त्याला वजन होते.

सोपा कचरा आधी गेला आणि अखेरच्या टप्प्यात अवघड तेवढा उरला. त्यात प्लुटोनियम शुद्धीकरणातून काही दशकांपूर्वी उरलेले नायट्रेट क्षार होते. काही पिंपांत द्रव साचला होता, काहींतला द्रव तीव्र आम्लधर्मी होता. विपच्या नियमांनुसार पिंपात मोकळा द्रव चालत नाही, म्हणून आम्ल उदासीन करून शोषक मिसळणे आणि मग पिंप नव्याने भरणे भाग होते. नायट्रेट क्षार कशात आणि किती प्रमाणात मिसळले असता निर्धोक राहतात, याच्या चाचण्या न्यू मेक्सिकोतच आधी झाल्या होत्या आणि त्यातून खनिज स्वरूपाचे, म्हणजे असेंद्रिय, शोषक योग्य ठरले होते. बाजारात मिळणारे साधे किटी लिटर मातीचेच असते, तेव्हा ते वापरण्यात गैर काही नव्हते.

२०१२ च्या उन्हाळ्यात पिंपे भरण्याची लेखी कार्यपद्धती सुधारण्यात आली आणि सुधारित मजकुरात ‘असेंद्रिय’ हवे होते तेथे ‘सेंद्रिय’ शोषक मिसळण्याची सूचना उतरली. लेखनातली चूक म्हणून हे सोडून देणे मोहाचे आहे. चूक एका माणसाच्या हातून झाली असेल, पण त्या मजकुराला एकाहून अधिक स्तरांवर मान्यता मिळाली आणि रसायनशास्त्राच्या जाणकारांकडून त्याची पुरेशी छाननी झाली नाही, असे ऊर्जा विभागाने अपघातानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने नोंदवले. पुढे खरेदी विभागाने सूचनेनुसार गव्हाचे शोषक मागवले, कामगारांनी सूचनेनुसार ते मिसळले, आम्ल उदासीन करण्यासाठीही सेंद्रिय घटक असलेले द्रावण वापरले गेले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या चमूने कागदोपत्री सर्व ठीक असल्याचे पाहिले. प्रत्येकाने आपल्यापुढच्या कागदाचे तंतोतंत पालन केले. अशा तऱ्हेने भरलेली शेकडो पिंपे तयार झाली. त्यांपैकी बहुसंख्य विपमध्ये पोहोचली, काही टेक्सासमधील एका खासगी साठवणस्थळी गेली आणि काही प्रयोगशाळेतच राहिली.

शंका

ऊर्जा विभागाच्या अपघात चौकशी मंडळाने एप्रिल २०१५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा अहवाल प्रसिद्ध केला. गव्हाचा मुद्दा तोवर जगजाहीर झाला होता, त्यामुळे अहवालातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला कामाच्या जागेवरील वर्तनाचा वाटतो. पिंपे भरताना काही वेळा मिश्रण फेसाळत होते, रंगीत धूर निघत होता. कामगारांनी ते पाहिले आणि वरिष्ठांना सांगितले. फेस ओसरेपर्यंत आणि धूर विरेपर्यंत थांबावे व मग काम पुढे चालू करावे, असे त्यांना सांगण्यात आले. नायट्रेटमध्ये सेंद्रिय पदार्थ मिसळणे योग्य आहे का, हा प्रश्नही विचारला गेला होता, पण त्याचे नीट निराकरण झाले नाही. प्रश्न विचारण्याची वृत्ती होती, मात्र विचारलेल्या प्रश्नाचा छडा लावण्याची व्यवस्था अपुरी पडली, आणि उपकंत्राटदाराकडे सुरक्षेची सशक्त संस्कृती आहे याची खातरजमा मुख्य कंत्राटदाराने केली नाही, अशा आशयाचा निष्कर्ष मंडळाने काढला.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण कार्यसंस्कृतीविषयी बोलताना ‘कर्मचारी बोलत नाहीत’ असे गृहीत धरले जाते आणि मग त्यांना बोलते करण्यासाठी कार्यशाळा, फलक, तक्रारपेट्या असा खटाटोप सुरू होतो. या प्रकरणात कर्मचारी बोलले होते. हातमोजे लावलेल्या बंदिस्त पेटीसमोर उभा असलेला कामगार फेस पाहतो, तेव्हा त्याच्याकडे असलेली माहिती संपूर्ण साखळीत अन्य कोणाकडेही नसते. ती माहिती तो आपल्या पर्यवेक्षकाला देतो, पण पर्यवेक्षक उपकंत्राटदाराचा असतो. उपकंत्राटदाराला मुख्य कंत्राटदाराने ठरवून दिलेल्या वेगाने पिंपे भरायची असतात आणि काम थांबले तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते. काम थांबवण्याचा अधिकार कागदावर प्रत्येकाला असतो, पण तो वापरण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही. प्रयोगशाळेच्या कायम शास्त्रज्ञाने हात वर केला तर चर्चा होते. त्याच आवारात दुसऱ्या कंपनीचे ओळखपत्र लावून वावरणाऱ्या कामगाराने केला, तर आधी त्याने कार्यपद्धती नीट वाचली आहे का हे विचारले जाते. येथे तर कार्यपद्धतीच त्याच्या विरोधात साक्ष देत होती, कारण तिच्यात सेंद्रिय शोषक मिसळा असेच लिहिलेले होते.

फेस का येतो, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे रसायनशास्त्रज्ञ त्याच प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने होते. जगातील स्फोटकांविषयीचे सखोल ज्ञान ज्या मोजक्या ठिकाणी एकवटले आहे त्यांपैकी हे एक. परंतु ते ज्ञान एका विभागात, पिंपे भरण्याचे काम दुसऱ्या विभागाच्या देखरेखीखाली आणि प्रत्यक्ष हात तिसऱ्याच कंपनीचे, अशी वाटणी होती. पिंप भरणाऱ्याची शंका शास्त्रज्ञापर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाच्याही कंत्राटात लिहिलेले नव्हते, आणि त्यासाठी मोबदल्यात गुणही नव्हते.

दुसरे टोक

पिंप फुटण्यापूर्वी नऊच दिवस आधी, ५ फेब्रुवारी २०१४ रोजी, विपमध्ये भूगर्भातील मीठ वाहून नेणाऱ्या एका जुन्या वाहनाला आग लागली. खाली असलेल्या ८६ कामगारांना वर आणावे लागले आणि धुरामुळे काहींवर उपचार करावे लागले. वाहनावर तेल आणि वंगण साचलेले होते, त्यावरील स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. देखभालीचा हा ढिसाळपणा एका दिवसाचा नव्हता. किरणोत्सारी कचरा हाताळणाऱ्या यंत्रांची निगा एका मापाने आणि खाणीतल्या साध्या यंत्रांची दुसऱ्या मापाने राखली जात होती, असे या आगीच्या चौकशीत दिसून आले. दोन घटनांचा परस्परांशी थेट कार्यकारणसंबंध नाही. पण गळतीच्या रात्री त्या विभागाच्या हवेवर लक्ष ठेवणारे एकच यंत्र चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे पंधरा वर्षे काही घडले नाही याचाच अर्थ काही घडणार नाही असा लावला जात होता, हे मान्य करावे लागते.

हिशेब कोणी दिला

शिक्षा झालीच नाही असे म्हणता येणार नाही. २०१४ च्या आर्थिक वर्षासाठी लॉस अलामॉसच्या कंत्राटदाराला सहा कोटी डॉलरहून अधिक मोबदला मिळू शकला असता, त्याऐवजी सुमारे ६२ लाख डॉलर हाती पडले. मुदतवाढही गमवावी लागली. न्यू मेक्सिकोच्या पर्यावरण विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये प्रयोगशाळा आणि विप मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलरचा दंड प्रस्तावित केला. पुढच्या वर्षी राज्य आणि ऊर्जा विभाग यांच्यात तडजोड झाली आणि सुमारे ७.३ कोटी डॉलर रस्ते, पाणी आणि तत्सम कामांवर खर्च करण्याचे ठरले. केंद्र पूर्ववत करण्याचा आणि ते बंद राहिल्याने झालेला एकंदर खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर जाईल, असा अंदाज ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०१६ मध्ये मांडला.

या आकड्यांची तुलना केली की रचनेतला दोष उघडा पडतो. कंत्राटदाराचे जास्तीत जास्त नुकसान म्हणजे त्या वर्षाचा मोबदला आणि पुढची मुदत. झालेल्या हानीचा बाकीचा सर्व भार सरकारी तिजोरीवर पडतो. अणुविषयक कामांत कंत्राटदाराला सरकारने दिलेले संरक्षण ही जुनी गोष्ट आहे आणि तिला सबळ कारणही आहे, कारण अशी जोखीम कोणतीही खासगी कंपनी स्वतःच्या ताळेबंदावर घेणार नाही. १९८८ च्या कायद्याने तर कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या ना-नफा संस्थांना अणुसुरक्षेच्या दंडातूनही वगळले होते, ती सवलत २००५ मध्ये पुढील कंत्राटांपुरती संपुष्टात आली. म्हणजे नफा कमावणारी कंपनी आणावी, तिला मोठा मोबदला द्यावा आणि चुकल्यास तो कापावा, हा या बदलाचा संपूर्ण तर्क होता. २०१४ मध्ये तो तर्क कसोटीला लागला आणि मोबदला खरोखरच कापला गेला. तरीसुद्धा ज्या निर्णयामुळे पिंप फुटले तो निर्णय मोबदल्याच्या भीतीने आधी सुधारला गेला नाही. उलट ३० जूनची तारीख गाठण्याचे दडपण त्याच मोबदल्याच्या वाटेने खाली येत होते.

आणि सरकारचे काय? चौकशी मंडळाने ऊर्जा विभागाच्या स्थानिक कचेऱ्यांच्या देखरेखीवरही स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. घनमीटर मोजणारा अधिकारी आणि कार्यपद्धती तपासणारा अधिकारी यांत पहिल्याचे काम ठळकपणे दिसते, दुसऱ्याचे काम नीट झाले तर काहीच दिसत नाही. कंत्राटदाराला दिलेल्या गुणपत्रिकेवर सही करणारी कचेरी त्या गुणपत्रिकेतील यशात स्वतःही वाटेकरी असते, आणि ही अडचण केवळ अमेरिकेतील अणुप्रयोगशाळांची नाही. सार्वजनिक पैशातून कंत्राटे देणाऱ्या कोणत्याही खात्यात, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्या अभियंत्याला ती ओळखीची वाटेल.

विप जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले, मात्र दूषित भागातील हवा गाळूनच सोडावी लागत असल्याने कामाचा वेग पूर्वीसारखा राहिला नाही आणि वायुवीजनाची नवी यंत्रणा उभारण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. ज्या पिंपांत सेंद्रिय शोषक होते आणि जी अद्याप प्रयोगशाळेत होती, ती थंड ठेवून, नव्याने चाचण्या करून पुन्हा हाताळण्यात आली. यावेळी कार्यपद्धती लिहिण्यापूर्वी रसायनशास्त्रज्ञांना विचारण्यात आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये लॉस अलामॉसची सूत्रे ‘ट्रायड नॅशनल सिक्युरिटी’ या नव्या संस्थेकडे गेली. तिचे तीन भागीदार म्हणजे बॅटेल, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आणि पुन्हा एकदा कॅलिफोर्निया विद्यापीठ. विपचे कंत्राटही २०२३ च्या सुरुवातीला बदलले आणि ते बेक्टेलच्या एका उपकंपनीला मिळाले. कंत्राटदार बदलले तरी दोन्ही ठिकाणचे बहुतेक कर्मचारी त्याच जागी, त्याच कामावर, नव्या कंपनीचे ओळखपत्र लावून रुजू झाले.